संध्याकाळपर्यंत येतो

६ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मशीनवर एका मोठ्या तंबूची शिवण मारत होते. उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. नंतर पुन्हा शिवायला घेतलं आणि छताचं कापड उलटं जोडून बसले. एवढी वर्षं तंबू शिवतेय, पण असं कधी झालं नव्हतं.

म्हणजे तुझा दादा पूर्वेला नव्हताच. तू लिहितेस, त्याप्रमाणे बाळंतिणीबरोबर दवाखान्यात आलेली ती तांड्यातली सुईण तुझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्यासारखंच कपाळ असलेला एक शहरी माणूस आम्ही पुरलाय. पाय मोडलेला होता. विहिरींची जागा शोधायला आलो होतो म्हणाला." आणि कुठे पुरला म्हणाली? पश्चिमेच्या वाळूच्या टेकड्यांपलीकडे.

आता आठव, त्याला वाळवंटात घेऊन गेलेला तो वाटाड्या, ज्याला सगळे कप्तान म्हणतात, परत आला तेव्हा काय म्हणाला होता. पूर्वेला मिठाच्या मैदानाजवळ मुक्काम केला होता, हा जागा बघायला म्हणून एकटा चालत गेला आणि परत आलाच नाही. सगळ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. शोधायला गेलेली माणसं मिठात डोळे फोडून घेत फिरली आणि तुझा दादा तिकडे पश्चिमेला पडून होता. ज्याला जागा माहीत होती, तोच सगळ्यांना उलट्या दिशेला पाठवत होता.

मी सात वर्षं नशिबाला बोल लावला, भिंगरी. नशिबाचा काही दोष नव्हता.

मी येणार आहे, आणि तोच मला घेऊन जाईल. तो हल्ली हौशी लोकांना वाळवंट पार करून देतो ना? मग मीही हौशी बनते. त्याने मला कधी पाहिलेलं नाही, भेटायला यायची छातीच झाली नव्हती त्याची. सांगेन की मी तंबूवाली, माझे तंबू वाळूत टिकतात का ते बघायचंय. टेकड्यांच्या पलीकडे पोचलो की उंट आणि पाणी घेऊन मी माघारी फिरणार. तो तिथेच राहील. त्यानंतर त्याचं काय व्हायचं ते वाळू बघून घेईल.

तू फक्त चौकशी कर. तो कधी निघतो, किती उंट लागतात, तांडे कुठे असतात. तुझं नातं त्याला माहीत आहे, म्हणून तू पुढे येऊ नकोस.

आईंना काही सांगितलेलं नाही. त्यांना ऐकू कमी येतं, पण माझं तोंड वाचता येतं. मघाशी विचारत होत्या, "दात दुखतोय का तुझा? एवढी का आवळून बसलीस?"

तुझी,
वहिनी


२१ ऑक्टोबर

वहिनी,

चौकशी केली. पण आधी एक सांगते. मी तुला ते सगळं लिहिलं, कारण लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही. तू लगेच उंट मोजायला घेशील असं वाटलं नव्हतं.

तर ऐक. पश्चिमेला कुणी हौशी लोकांना नेत नाही. तिकडे जायला तेव्हाही परवानगी नव्हती आणि आजही सहजासहजी मिळत नाही. लोक पूर्वेच्या सपाट भागात जातात, दोन रात्री तारे बघतात, वाळूत लोळतात आणि परत येऊन माझ्याकडून डोळ्यांत थेंब घालून घेतात. पश्चिमेच्या टेकड्या रोज जागा बदलतात. तिथे दिशा फक्त तांड्यातल्या लोकांना कळते.

तांडे थंडीत टेकड्यांपलीकडच्या विहिरीवर उतरतात आणि उन्हाळ्याच्या आधी हलतात. सुईण त्यांच्यातलीच. तिला तोडकंमोडकं आपल्यासारखं बोलता येतं. बाळंतीण आणि मूल, दोघंही सुखरूप आहेत. ती जाताना म्हणाली, "तुझ्या माणसाला बघायला ये." मी मान हलवली.

ह्या थंडीत येऊ नकोस, वहिनी. वारा फार आहे. आणि त्याची बाजू कुणी विचारलेली नाही अजून. घाबरून एखादा माणूस काय काय बोलून जातो. मी दवाखान्यात रोज बघते.

आईला माझा नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेय ना ती?

तुझी,
भिंगरी


२ नोव्हेंबर

भिंगरी,

त्याची बाजू! त्याची बाजू त्याने तेव्हाच सांगितली आहे, सरकारी माणसांसमोर आणि सहीनिशी. त्या बाजूला तुझा दादा नव्हता, एवढाच काय तो फरक.

वाऱ्याचं मला सांगू नकोस. वारा म्हणजे माझा रोजचा धंदा आहे. वाळूत खुंटी धरत नाही हे मला ठाऊक आहे. पिशवीत वाळू भरायची, तिला दोर बांधायचा आणि ती आडवी पुरायची, मग वादळातही तंबू हलत नाही. तसा एक छोटा तंबू मी शिवायला घेतलाय. एकाच माणसापुरता. दुकानात येणारे विचारतात, एवढुसा कुणासाठी? मी सांगते, माझ्यासाठी, सुट्टीवर चाललेय. लोक खूश होतात. बरं झालं म्हणतात, बाईने जरा मोकळी हवा घ्यावी.

परवानगीचं सोपं आहे. पूर्वेची घ्यायची आणि वाटेत त्याला म्हणायचं, तिकडच्या टेकड्या बघू या ना, जास्तीचे देईन. तेव्हा लपूनछपून गेला होता, तर आता का जाणार नाही?

मला फक्त एक कळायला हवं. एकट्या बाईला दोन उंट हाकत त्या विहिरीवरून गावापर्यंत येता येईल का? आणि तांड्यातले लोक विचारतील का, दुसरा माणूस कुठाय म्हणून?

मी रोज तेच डोळ्यांसमोर आणते. तो खाली उभा आहे आणि मी वरून बघतेय. मला ओरडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. मी कोण ते फक्त सांगायचंय, आणि निघायचंय. त्याचा चेहरा तेव्हा कसा होईल, ते बघण्यासाठी मी जगतेय म्हटलंस तरी चालेल.

वहिनी


१९ नोव्हेंबर

वहिनी,

उशीर झाला, रागावू नकोस. गावात गोवराची साथ आहे.

एकट्या बाईला उंट हाकता येतात. शिकायला हवं, एवढंच. तांड्यातले लोक मात्र नक्की विचारतील. ते तोंडाने कमी विचारतात, जमिनीकडे बघून जास्त.

पण आत्ता जमायचं नाही. थंडीत त्याचा उजवा गुडघा धरतो, तेव्हा तो लांबच्या फेऱ्या घेतच नाही. नवीन माणसाशी तर सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत बोलतसुद्धा नाही. तू जास्तीचे देईन म्हणालीस की त्याला संशय येईल. पश्चिमेचं नाव काढलं की तो उठून जातो. झोपेतही दचकतो, असं लोक म्हणतात.

वसंतापर्यंत थांब. मी काहीतरी बघते. माझ्यावर सोड.

भिंगरी


२८ नोव्हेंबर

भिंगरी,

गुडघा. दुसरा चहा. झोपेत दचकणं.

मी आईंच्या शेजारी बसून तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. लोक म्हणतात? कुठले लोक? तो झोपेत दचकतो हे बघायला कुणाचे लोक जातात?

मी मूर्ख नाही. दोन वर्षं झाली, तू सुट्टीला आली नाहीस. पत्रात "इथे एकांचा आधार आहे" असं लिहिलं होतंस. मी समजत होते, दवाखान्यातला कुणी डॉक्टर असेल. आईंना सांगितलंसुद्धा, पोरीचं जमतंय वाटतं. त्यांनी तुझ्यासाठी शाल काढून ठेवली आहे.

तोच आहे का?

असेल तर मला काहीही समजावू नकोस. तुझ्या भावाला वाळूत टाकून आलेल्या माणसाचा गुडघा तू शेकतेस! आणि मला वाऱ्याची भीती घालतेस. ह्याला आपल्याकडे घरभेदीपणा म्हणतात.

मी जानेवारीअखेर येतेय. तुझी मदत नको. फक्त मध्ये पडू नकोस. पडलीस, तर नणंद म्हणून गय करणार नाही.

वहिनी


७ जानेवारी

वहिनी,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मी इथे नव्हते. आता सगळं सांगते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

हो, तोच. येत्या उन्हाळ्यात आमचं लग्न व्हायचं ठरलं होतं. मी इथे नोकरी घेतली ती दादाच्या जवळ राहायला. कुठे जवळ ते कळत नव्हतं, म्हणून वाळवंटाच्या काठावर. तो पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात आला आणि म्हणाला, "तुमचा भाऊ माझ्याबरोबर होता." मग येतच राहिला. छप्पर गळलं तर दुरुस्त करून दिलं. मला ताप आला तेव्हा दारात बसून राहिला. दादाबद्दल मला त्याच्याशिवाय कुणाशी बोलता येत होतं? तुझ्याशी बोलले की तू मिटून जायचीस.

सुईण बोलली त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. तरी वाटत होतं, काहीतरी कारण असेल. तो सांगेल. तुझं ते शेवटचं पत्र वाचलं आणि मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, "लग्नाआधी मला पश्चिमेच्या टेकड्या दाखव."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "तिथे काही नाही."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

बराच वेळ तो उंटाच्या पाठीवरची गादी झटकत राहिला. मग "ठीक आहे" म्हणाला.

वाटेत मी त्याला किती वेळा संधी दिली, वहिनी! पहिल्या मुक्कामाला विचारलं, "इकडे आला होतास का कधी?" "नाही." दुसऱ्या दिवशी मी दादाच्या गोष्टी काढल्या. तो हसला, त्यानेही दोन सांगितल्या. मी मनात म्हणत होते, आता सांग. आत्ता सांग, म्हणजे मी रडेन, तुला मारेन, पण मी तुला ऐकून घेईन. त्याने मला खजूर बिया काढून दिले.

तांडा विहिरीवरच होता. तो पुरुषांबरोबर चहाला बसला आणि मी सुईणीच्या तंबूत गेले. दादाला तिच्या नवऱ्याने शोधलं होतं. एका टेकडीच्या पायथ्याशी, अंगरख्याची सावली करून तो बसला होता. ओठ फुटलेले, पाय काळानिळा पडलेला. सुईणीचा नवरा त्याला उंटावर घ्यायला लागला, तर तो जायला तयार होईना. म्हणाला, "माझा माणूस पाणी आणायला गेलाय. संध्याकाळपर्यंत येतो म्हणालाय. मी इथे दिसलो नाही तर तो घाबरेल, मला शोधत फिरेल."

सुईणीच्या नवऱ्याने वाळूवरचे माग पाहिले होते. तो 'माणूस' गेल्याला तीन दिवस उलटले होते.

त्यांनी दादाला जबरदस्तीने उचलून आणलं. तो दुसऱ्या सकाळी गेला. शेवटपर्यंत सुईणीला सांगत होता, कुणी आलं तर मी इथे आहे म्हणून सांगा.

मी तंबूबाहेर आले तेव्हा कप्तान तांड्याच्या मुखियाच्या एका विनोदावर हसत होता. वहिनी, तेव्हा मला तू काय म्हणत होतीस ते कळलं. तोपर्यंत मी फक्त ऐकत होते.

सकाळी म्हटलं, "परत फिरण्याआधी ती सगळ्यात उंच टेकडी बघू या." तिच्या माथ्यावर पोचल्यावर पलीकडचा उतार फार उभा दिसला. उंट उतरतील का ते बघायला तो पायी खाली गेला. एक बाटली त्याच्या खांद्याला होती, बाकी सगळं पाणी उंटांवर. मी त्याच्या उंटाची दोरी माझ्या खोगिराला बांधली आणि वरून हाक मारली.

"संध्याकाळपर्यंत येते!"

त्याने वर बघितलं. तुला त्याचा चेहरा बघायचा होता ना? मी बघितला. आधी काहीच नव्हतं. मग त्याला शब्द ओळखू आले. तो धावला नाही, ओरडला नाही. उभा होता तिथेच खाली बसला, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून बसवावं तसा.

मी वळले. मुखियाला सांगितलं, तो उत्तरेच्या वाटेने पुढे गेला. मीठ आणायला निघालेल्या दोघांबरोबर मी गावात आले, हात धुतले आणि कामावर बसले. कपाटातल्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

आणि चौथ्या दिवशी मुखिया स्वतः त्याला उंटावर आडवा घालून माझ्याच दवाखान्यात घेऊन आला. त्या लोकांनी माझ्या शब्दांवर नाही, वाळूवर विश्वास ठेवला. त्याला खाटेवर ठेवताना मुखिया एवढंच म्हणाला, "बाई, तुझी दिशा चुकली होती."

डॉक्टर फिरतीवर होते. मी एकटी. त्याची शीर सापडत नव्हती, एवढा सुकला होता. मी शोधली. सलाईन लावलं. रात्रंदिवस ओठ ओले करत बसले आणि प्रत्येक थेंबाला मला स्वतःचा राग येत होता.

तो शुद्धीवर आल्यावर हवालदार आला. मी तयारीत होते. कप्तान म्हणाला, "मीच वाट चुकलो. हिचा काही संबंध नाही." हवालदार लिहून घेऊन गेला. कप्तानाने मला वाचवलं, वहिनी. माझा असा जळफळाट कधी झाला नव्हता.

आता तू सांग, मी काय करू?

भिंगरी


१८ जानेवारी

भिंगरी,

आधी मला भांडून घेऊ दे. तो माझा होता. सात वर्षं ज्या नशिबाला मी बोल लावत होते, त्याला आता कुठे चेहरा मिळाला होता. आणि तू परस्पर जाऊन आलीस! उंच टेकडी, उंटाची दोरी, वरून हाक, सगळं माझं. पत्र वाचून मी दुकानातली मोठी कात्री भिंतीवर फेकली. गिऱ्हाईक पळालं.

झालं भांडून.

'माझा माणूस येतोय' हे मी आईंना सांगू शकलेले नाही. मलाच ते अजून पूर्ण वाचता येत नाही. त्या ओळीशी आले की डोळे पुढे सरकत नाहीत. तुझ्या दादाचा स्वभावच तसा होता. कुणी येतो म्हणालं की हा दारात उभा.

मागच्या पत्रात तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. पण तूही सांगायला हवं होतंस. दोघी सारख्या झालो.

आता ऐक. त्याने तुला वाचवलं म्हणून तू त्याची काही लागत नाहीस. त्याला वाटतंय, हिचं एक झाकलं, माझं एक झाकलं, फिटंफाट. ती फिटंफाट होऊ देऊ नकोस. हवालदाराला परत बोलाव. मुखियाला बोलाव. गावात ज्यांनी ज्यांनी मिठाच्या मैदानात शोध घेतला, त्यांना बोलाव. आणि त्याला पाणी पाज, स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर. मग विचार, दादाला कुठे सोडलं होतंस? तुझ्या हातचं पाणी पिऊन तो पूर्व म्हणू शकला, तर मी मानलं.

तुला स्वतःचं सांगावंसं वाटलं तर सांग. मी अडवणार नाही आणि सुचवणारही नाही.

वाळूने त्याला नाकारलं, तर आता माणसांनी बघावं.

वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

झालं.

दवाखान्याच्या ओसरीवर सगळे जमले होते. शोधाला गेलेल्यांपैकी एकाचे डोळे त्या मिठाने कायमचे अधू झालेत, तो काठी टेकत आला होता. मी पेला कप्तानाच्या ओठांना लावला. तो प्यायला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "पश्चिमेला."

मग सगळं. पश्चिमेची वाट जवळची म्हणून त्यानेच हट्टाने धरली होती. दादा नको म्हणत होता. उतारावर दादाचा पाय मोडला, एक उंट पळाला. उरलेल्या उंटावर दोघांना नेता आलं असतं, पण पाणी दोघांना पुरलं नसतं, असं त्याला वाटलं. गावात पोचल्यावर परवानगीशिवाय गेलो हे कळलं तर आपला धंदा बुडेल, म्हणून पूर्व म्हणाला. "दुसऱ्या दिवशी खरं सांगणार होतो," म्हणाला. काठीवाला उठला आणि त्याच्या पायांशी थुंकला.

मग मी माझंही सांगितलं. हवालदाराने मुखियाकडे पाहिलं. मुखिया म्हणाला, "आम्हाला दोन उंट जाताना दिसले आणि दोन येताना. बायकांना दिशा कळत नाही." आणि उठून गेला. हवालदाराने वही मिटली.

कप्तानाचा परवाना गेला, वरती चौकशी लागली आहे. पण खरं ते वेगळंच. कुठलाही तांडा आता त्याला उंट देत नाही, त्याच्याबरोबर चालत नाही. तो विहिरीवर आला की बाकीचे आपलं भरणं थांबवून बाजूला होतात. पाणी घेऊ देतात, फक्त त्याच्याबरोबर कुणी पीत नाही. काल बाजारातून तो गेला तर रस्ता मोकळा होत गेला. मी खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावली नाही.

काल तो दाराशी आला, आत आला नाही. तू दादाची जागा बघायला येणार आहेस हे त्याला कुणीतरी सांगितलं. म्हणाला, "मला बरोबर घ्या. उंटांच्या मागे चालेन. एकदा त्याच्यासमोर जाऊ दे. मग चौकशीत काय व्हायचं ते होवो."

उत्तर तू दे. तो हक्क तुझा आहे.

सुईणीचा नवरा आपल्याला न्यायला येतोय. लोकरीचे कपडे आण.

भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरी,

उद्या निघतेय. आईही येताहेत. तोंड वासू नकोस, मी थांबवायचा प्रयत्न केला.

काल त्यांना सगळं सांगितलं. जोरात बोलावं लागतं, त्यामुळे गल्लीनेही ऐकलं असेल. ऐकू दे. तुझ्या दादाने त्या माणसाची वाट बघितली, इथपर्यंत आले आणि माझा आवाज फुटेना. तर त्या म्हणाल्या, "ओठ हलव नुसते. मला कळतंय." मी नुसते ओठ हलवत बाकीचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघितलं. रडल्या नाहीत. उठून बॅग काढली.

म्हटलं, "आई, उंटावर बसावं लागेल." म्हणाल्या, "मुलाकडे चाललेय, बसेन." तेव्हा दोन नरम गाद्या बघून ठेव, आणि त्यांच्यासाठी म्हातारा, शहाणा उंट.

मग मी कप्तान तुझ्या दाराशी आल्याचं सांगितलं. म्हटलं, काय करू या? माझ्या मनात होतं की न्यावा, मागे चालवावा, त्या जागी गुडघे टेकताना बघावा. ह्याच एका गोष्टीसाठी मी इतके दिवस दात आवळून होते. पण म्हटलं, आईंनी ठरवावं.

आई बराच वेळ बॅगेच्या पट्ट्याशी खटपट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. माझ्या पोराने त्याला तिथे खूप बोलावलं असेल. तेव्हा आला नाही. आता नको."

मी म्हटलं, "आणखी काही निरोप?"

तेव्हा जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितेय, आणि तू त्याला तसंच सांगायचं, दारात उभं राहून, एक शब्द न गाळता:

"त्याला म्हणावं, आईचा आशीर्वाद आहे. खूप जग. तब्येत सांभाळ. शंभरी गाठ."

वहिनी